डीव्हीडीसाठी एन्कोडिंग: तयार टेम्प्लेट की स्वतः ठरवलेला बिटरेट?

तयार टेम्प्लेटचा (सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेल्या सेटिंगचा) मोठा फायदा असा की डीव्हीडीचे नियम त्यात आधीच पाळलेले असतात: एमपेग-२ हा व्हिडिओ फॉरमॅट, पालसाठी (भारतातली टीव्ही पद्धत) ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. चुकीच्या आकारामुळे ऑथरिंग सॉफ्टवेअरने (मेनूसकट डीव्हीडी रचणाऱ्या) फाइल नाकारण्याचा प्रश्नच येत नाही.

अडचण लांबीची. ‘९० मिनिटां’च्या टेम्प्लेटला तुमची फिल्म ११० मिनिटांची आहे हे कळत नाही. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला खर्च होणारा डेटा; व्हिडिओचा ६.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि आवाजाचा ०.२ धरला, तर फाइल ५.२८ जीबी होते. एकपदरी (सिंगल लेयर) डिस्कवर मावतात ४.७. मग सॉफ्टवेअर पुन्हा दाबून बसवतं आणि चित्र दुसऱ्यांदा खराब होतं.

हाताने हिशोब सोपा आहे. ३७,६०० मेगाबिटना (म्हणजे ४.७ जीबी) एकूण सेकंदांनी भागा. १२० मिनिटांना ५.२२ एमबीपीएस येतात, त्यातून डॉल्बी आवाजाचे ०.२ आणि मेनू वगैरेंसाठी चार-पाच टक्के वजा केले की व्हिडिओला सरासरी ४.८ उरतात. इतक्या कमी बिटरेटला टू-पास व्हीबीआर हवाच, म्हणजे सॉफ्टवेअर फिल्म दोनदा तपासून गरजेप्रमाणे बिटरेट कमी-जास्त करतं. कमाल मर्यादा ८ ठेवा. नियम ९.८ पर्यंत परवानगी देतो, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर तेवढ्या वेगाला जुने प्लेअर अडखळतात.

फील्ड ऑर्डर मात्र दोन्हीकडे स्वतः तपासा. इंटरलेस्ड व्हिडिओत प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये असते; आधी कोणतं दाखवायचं, वरचं (अपर) की खालचं (लोअर), तो हा क्रम. डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्याचं फुटेज लोअर फर्स्ट, एचडी इंटरलेस्ड अपर फर्स्ट. उलट झालं तर कॅमेरा वळताना चित्र मागेपुढे थरथरतं, आणि संगणकावर ते बहुधा दिसतही नाही, टीव्हीवरच पाहा.

तासाभराच्या आतल्या कामाला टेम्प्लेट बिनधास्त वापरा. दीड तासापुढे हिशोबच करा.