पुढच्या ब्रेकची भीती गेली: एबीएसची गाडी पावसाळाभर वापरल्यावर

आमच्याकडे गाडी शिकवणारा काका असो, मामा असो की थोरला भाऊ, पहिली ताकीद ठरलेली: 'पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील.' मग पोरगं जन्मभर उजव्या पायानेच गाडी थांबवतं. मागचे लायनर झिजून जातात आणि पुढचे तसेच नवे राहतात. गेले काही महिने मी दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेली १६० सीसीची गाडी चालवतोय, आणि एबीएस कशासाठी घ्यायचं याचं माझ्यापुरतं उत्तर मिळालंय. गाडी कमी अंतरात थांबते म्हणून एबीएस घ्यायचं नाही. ओल्या रस्त्यावरही पुढचा ब्रेक बिनधास्त दाबता येतो म्हणून घ्यायचं.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. कराड, पाटण, कोयनानगर हा नेहमीचा पट्टा, आणि अधूनमधून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. आधीची गाडी १२५ सीसीची, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की एबीएस राहतं बाजूला आणि 'तुझी चांगली की माझी' सुरू होतं.

आता ती ताकीद चूक का, ते बघू. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचंच चाक करतं. मागचं हलकं असल्यामुळे पटकन लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं, आणि गाडी शेपूट फिरवते. काकाची भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. पुढचं चाक ओल्यात लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, माणूस सरळ खाली. पण त्या भीतीपोटी आपण सगळ्यात कामाचा ब्रेकच वापरायचा सोडून दिला.

एबीएस नेमकं इथे कामाला येतं. डिस्कजवळ खाचांची एक गोल रिंग चाकाबरोबर फिरते आणि शेजारचा सेन्सर त्या खाचांवरून चाकाचा वेग ओळखतो. वेग एकदम पडला, म्हणजे चाक लॉक व्हायला आलं, की मॉड्युलेटर त्या ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतो आणि पुन्हा देतो. हे सेकंदात अनेकदा होतं. चाक फिरत राहतं, म्हणून हँडल ऐकतं. मोटरसायकलवर हे आलं १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के१०० वर. आपल्याकडे टीव्हीएसने २०११ मध्ये अपाची आरटीआर १८० ला दिलं, तेव्हा लोक त्याला चैनीची वस्तू समजायचे.

गाडी घेतल्यावर पहिला पाऊस पडला तसा मी बाजार समितीच्या मोकळ्या आवारात जाऊन ओल्या काँक्रीटवर मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिले. प्रत्येकाने हे करावं. कारण एबीएस पहिल्यांदा चालतं तेव्हा माणूस दचकतो. लिव्हर बोटांखाली टकटक करत उलटा ढकलतो, पायाखालचं पेडलही थरथरतं, काहीतरी तुटलं असं वाटतं आणि बोटं आपोआप सैल पडतात. सैल सोडलं की संपलं, गाडी पुढे पळते. टकटक जाणवली तरी लिव्हर दाबूनच धरायचा, ही सवय मोकळ्या जागेतच लागते. शोरूममध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सीट कव्हर आणि क्रॅश गार्डबद्दल मात्र भरपूर बोलले.

खरी परीक्षा जुलैत झाली. पाटणकडची भातलावणी, चिखलणीचे दिवस. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चाकांना अडकलेला चिखल डांबरावर लांबपर्यंत सांडत नेला होता, वर भुरभुर पाऊस. म्हशी परतायची वेळ. कळप डावीकडे कडेने नीट चालला होता, तेवढ्यात मागे राहिलेलं एक रेडकू आईकडे जायला म्हणून उजवीकडून रस्त्यात घुसलं. माझा वेग पंचेचाळीसच्या आसपास असेल. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. पेडलला धक्के बसायला लागले, मग लिव्हरला. गाडी किंचित डुलली पण आडवी झाली नाही. मला आठवतं ते एवढंच की ब्रेक दाबलेला असतानाच हँडल थोडं वळवता आलं आणि रेडकाच्या मागून गाडी निघाली. जुन्या गाडीवर मी सवयीने मागचा ब्रेक मारला असता, आणि त्या चिखलात मागचं चाक पुढे यायला निघालं असतं. गुराखी मात्र माझ्याकडे न बघता रेडकालाच शिव्या घालत होता.

एवढ्यावरून ही काही जादू आहे असं समजू नका. ताशी ६० ने जाताना गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तुम्हाला दिसायला आणि बोटं लिव्हरवर जायला जो सेकंद लागतो, त्यात एबीएस काहीच करू शकत नाही. अंतर ठेवायचं काम तुमचंच.

वळणावरही तेच. घाटाच्या वळणात गाडी तिरकी असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला, तर साधं एबीएस वाचवेलच असं नाही. गाडी किती कललीय हे त्याला कळत नाही. ते ओळखणारं कॉर्नरिंग एबीएस वेगळं, त्यात वेगळा सेन्सर असतो आणि तसल्या गाड्या महाग. त्यामुळे कुंभार्लीत आजही ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच. आणखी एक: उतारावर गिअर एकदम पाडून क्लच सोडला तर मागचं चाक इंजिनच्या ओढीने घसरतं. तिथे ब्रेक दाबलेलाच नसतो, मग एबीएस सोडणार काय?

मला खरा त्रास झाला तो खराब रस्त्यावर. घाट उतरून चिपळूणकडच्या आडगावांत शिरलं की जांभ्याची खडी आणि लाल माती. तिथे उतारावर ब्रेक दाबला की एबीएस सारखं सोडतं-धरतं आणि गाडी थांबायचं नावच घेत नाही. सैल मातीत लॉक झालेलं चाक आपल्यापुढे मातीचा ढीग जमवतं आणि त्याने थांबायला मदत होते. एबीएस तो ढीग जमूच देत नाही. खड्ड्यावरून किंवा रंबलरवरून मागचं चाक हवेत उडालं तरीही पेडल क्षणभर पोकळ लागतं. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, मग सवय होते. काही गाड्यांना मागचं एबीएस बंद करायची सोय असते, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला. माझ्या गाडीला नाही. मी अशा रस्त्यावर पहिला-दुसरा गिअर टाकून सावकाश उतरतो. ज्यांचं रोजचं जाणंयेणंच कच्च्या रस्त्याचं आहे, त्यांनी ही सोय बघूनच गाडी घ्यावी.

सिंगल चॅनेल घ्यावं की ड्युअल? सिंगल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हींना. जीव वाचवणारा भाग पुढचाच, त्यामुळे बजेट ताणायचं नसेल तर सिंगल चॅनेलवर मी नाक मुरडणार नाही. सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला पुरे. पण आपल्या सगळ्यांचा पाय दचकल्यावर आधी मागच्या ब्रेकवर पडतो, आणि पावसात ते चाक लॉक होतंच. घाटातून जाणाऱ्याने ड्युअल घ्यावं. पल्सर एन१६० २०२२ मध्ये आली तेव्हा दोन्हींच्या एक्स-शोरूम किमतीत साधारण पाच हजारांचा फरक होता. त्यापेक्षा जास्त तर गाडी एकदा पडली की हेडलाइट, हँडल आणि फूटरेस्टला जातात, हॉस्पिटलचा खर्च वेगळाच.

नियमाचं म्हणाल तर १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे: नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून, आधीपासून चालू असलेल्यांना १ एप्रिल २०१९ पासून. त्या नियमात १२५ पर्यंत एबीएस किंवा सीबीएस ठेवलं होतं, आणि कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी सीबीएस दिलं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. चाक लॉक व्हायचं ते थांबवत नाही. सेल्समन दोन्ही नावं एका दमात घेतो, तिथे कान उघडे ठेवा.

देखभाल फारशी नाही, पण इतरांच्या हातांपासून जपावं लागतं. एका पंक्चरवाल्याने चाक काढताना सेन्सरची वायर ताणून ठेवली, आणि दोन दिवसांनी एबीएसचा दिवा पेटला तो विझेना. अशा वेळी घाबरायचं कारण नाही. ब्रेक साध्या गाडीसारखे चालतात, फक्त एबीएस नसतं. वायर नीट बसवली, दिवा गेला. आता चाक काढताना मी शेजारी उभा राहतो. वॉशिंगवाल्याला सेन्सरवर प्रेशर मारू देत नाही, आणि रिंगच्या खाचांत चिखल वाळू देत नाही. ब्रेक ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलायचं. ते हवेतली ओल शोषतं. टायर गुळगुळीत झाला असेल तर एबीएसवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. रस्त्याला धरणारा शेवटी टायर आहे, एबीएस फक्त ती पकड सुटू देत नाही.

मेन स्टँडवर लावून मागचं चाक गिअरमध्ये फिरवलं आणि दिवा लागला, तर गॅरेज गाठू नका. पुढचं चाक थांबलेलं आणि मागचं फिरतंय, त्यामुळे यंत्रणा गोंधळते. बहुतेक वेळा किल्ली बंद-चालू करून थोडं चालवलं की दिवा जातो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक तपासून घ्या. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालवल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून मागा. आणि किल्ली फिरवल्यावर दिवा लागतच नसेल, तर कोणीतरी बिघाड झाकायला तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.