आगीनंतरचं कांजूरचं प्राण्यांचं शेल्टर: चालू आहे, आणि जाण्यासारखं आहे

आग लागल्यापासून हे शेल्टर बंद पडलंय असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतंय, म्हणून आधी तेच सांगते, बंद नाहीये. मागची भिंत अजून काळी आहे पण ओपीडी चालू आहे, कुत्री-मांजरं आहेत, बांधकामही जोरात चाललंय. मी आगीच्या आधीपासून इथे जातेय त्यामुळे दोन्ही वेळचं बघितलंय.

आधीची शेड म्हणजे बांबू, पत्रे, पाणी गळू नये म्हणून वर निळी ताडपत्री आणि उन्हाळ्यात तापतं म्हणून आतून थर्माकोल. पंख्याच्या वायरीतून ठिणगी उडाली, थर्माकोलने पेट घेतला आणि ताडपत्री वितळून खालच्या पिंजऱ्यांवर ठिबकत गेली. रात्रपाळीला एकटे काका होते, त्यांनी हात पोचेल तेवढ्या कड्या उघडल्या पण आतल्या रांगेच्या कड्या इतक्या तापल्या की धरताच येईनात. सगळी वाचली नाहीत. ह्याबद्दल इथे कोणी लपवाछपवी करत नाही, विचारलं की सरळ सांगतात, आणि माझा ह्या लोकांवर विश्वास बसायचं पहिलं कारण तेच.

जी वाचली त्यांची सेवा मी डोळ्यांनी बघितलीय. धुराचं असं असतं की बाहेरून एक केससुद्धा जळलेला नसतो पण आत फुप्फुसं सुजतात आणि खरा त्रास एक-दोन दिवसांनी सुरू होऊ शकतो, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यांनाही सोडून न देता नजरेखाली ठेवलं, गरज पडेल त्यांना ऑक्सिजन, नेब्युलायझर. फार भाजलेल्यांना परळला बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. तापलेल्या पत्र्यावरून पळाल्यामुळे बऱ्याच जणांचे पंजे भाजले होते, आणि तळव्याची जखम लवकर भरतच नाही कारण प्रत्येक पाऊल तिच्यावरच पडतं. चंपी नावाची पांढरी कुत्री आहे, तिचं रोज ड्रेसिंग, मलम, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर, आणि ती ओरडायची तरी तिथली मुलं न चिडता तिच्याशी बोलत बोलत पट्टी बांधायची. आता ती चालते, थोडी लंगडत, पण पोळी दिसली की पळतेसुद्धा.

आता नवीन बांधकामाबद्दल, कारण देणगी देणाऱ्यांनी खरं हे बघायला हवं. पैसे आल्यावर आधी बोर्ड आणि रंगरंगोटी करणारे खूप असतात. इथे पहिला खर्च वायरिंगवर झाला. सगळ्या वायरी लोखंडी पाइपातून, एमसीबी आणि आरसीसीबी (वायरिंगमध्ये बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच), मेन स्विच गेटजवळ म्हणजे आत न जाता बंद करता येतो. छताला पफ पॅनल स्वस्त पडत होते आणि आत थंडही राहतं, पण त्यातला फोम पेटतो आणि धूर विषारी असतो म्हणून जास्त पैसे मोजून न पेटणाऱ्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) घेतले. एक दांडा ओढला की पूर्ण रांगेची दारं एकदम उघडतात, रांगेच्या दोन्ही टोकांना बाहेर जायला वाट आहे, प्रत्येक दाराशी पट्टे टांगलेले, ऑक्सिजनचे सिलेंडर वेगळ्या खोलीत. अग्निशामक नुसते भिंतीला लावून ठेवले नाहीत, वापरायचे कसे ते सगळ्या स्टाफला शिकवलंय, काकांनी स्वतः मला चालवून दाखवला.

एक स्टार कापतेय तो मांजरांच्या खोलीसाठी. तिला अजून एकच दार आहे आणि खिडकी फार उंच. मांजर घाबरलं की बाहेर पळत नाही, कोपऱ्यात लपून बसतं, त्यामुळे धूर झाला तर तिथे सगळ्यात कठीण होईल, दुसरं दार पावसाळ्याच्या आधी व्हायलाच पाहिजे. शेल्टरच्या ताईंना सांगितलंय, त्यांनाही पटलंय, पैसे जमतायत. दुपारी फोन पण उचलत नाहीत.

काही लोकांनी 'आमच्या गल्लीतली कुत्री न्यायला आले नाहीत' म्हणून इथे एक स्टार दिलाय, ते मला अजिबात पटत नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे सरकारी एबीसी नियम आहेत, नसबंदी आणि लस झाली की गल्लीतला कुत्रा जिथून उचलला सहसा तिथेच परत सोडायचा असतो, आणि इथे जागा आजारी, जखमी जनावरांसाठी आहे, ती पण अर्धी जळालेली.

द्यायचं असेल तर सिंथेटिक ब्लँकेट नेऊ नका, ते आगीत वितळून अंगाला चिकटतात म्हणून आता घेतच नाहीत. जुन्या सुती चादरी, वर्तमानपत्रं, तांदूळ, ग्लोव्हज, सलाईन हे लागतं. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, २००० च्या वर रोख दिले तर देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही, आणि ती सूट तशीही जुन्या टॅक्स रेजिमवाल्यांनाच आहे. खर्चाची बिलं ऑफिसात फाइलला लावलेली असतात, मागितली की दाखवतात.

कांजूरमार्ग स्टेशनवरून पूर्वेला रिक्षा मिळते. सकाळी जा, पण ड्रेसिंग चालू असेल तेव्हा आत फोटो काढू नका, भाजलेली कुत्री अजून फ्लॅशला घाबरतात.