ओतीव पदक आणि कवळाण्याची गोष्ट

सराफ बाजाराच्या मागच्या बोळात जुनी नाणी-पदकं विकणारं एक दुकान आहे. पाटी नाही, दारात टांगलेल्या पितळी समयांवरून ओळखायचं. गाडी लांबच लावा, बोळात सायकलही वळत नाही.

मला १८७५ च्या दौऱ्याचं पदक हवं होतं. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, ८ नोव्हेंबर १८७५ ला सेरापिस बोटीतून मुंबईत उतरला तो दौरा. मुंबईच्या काळ्या घोड्यावर बसलेला तोच. पुतळा आता राणीच्या बागेत असतो.

दुकानदाराने फडक्यातून अंडाकृती पदक काढलं. पुढे राजपुत्राचा चेहरा, मागे त्याचं चिन्ह असलेली तीन पिसं. "काका, चांदी आहे. कवळाण्याच्या घरातलं, खुद्द सयाजीरावांना मिळालेलं." भाव १५,००० रुपये.

गोष्ट झकास. कवळाणं म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं जन्मगाव, आपल्याच मालेगाव तालुक्यातलं, आणि बारा वर्षांच्या सयाजीरावांची राजपुत्राशी भेट झाली हेही खरं. पण हा गोपाळ (सयाजीरावांचं दत्तक जाण्याआधीचं नाव) त्याच वर्षी मे महिन्यात दत्तक गेला आणि दौऱ्याआधीच बडोद्याच्या गादीवर बसलेला. नोव्हेंबरातलं पदक उलटं गावी कशाला येईल?

माझी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमधली, खिशात भिंग अजून असतं. लावून पाहिलं. अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी, पिसांच्या खाचांत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडेला कानस फिरवल्याची रेघ. ओतीव माल, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल! ठशाने पाडलेल्या पदकावर अक्षर नखाला लागतं. मी काही न बोलता भिंग त्याच्या हातात दिलं. बराच वेळ बघून त्याने पदक खणात टाकलं आणि भाव सोडाच, विषयच बंद केला. एवढा गुण त्याला द्यायला हवा.

खरी तक्रार वेगळीच. हा गृहस्थ सगळा माल चिंचेने घासून लखलखीत करतो. समई घासावी हो, पदक नाही! दीडशे वर्षांचा काळसर थर निघताना राजपुत्राचं नाकही थोडं झिजतं.

एका वाडग्यातला माल मात्र घासायचा राहिला होता. त्यात त्याच दौऱ्याचं पांढऱ्या धातूचं, रुपयाएवढं, ठशाचं पदक सापडलं. वर भोक पाडलेलं. कुणी पोराच्या गळ्यात बांधलं असावं. ६०० ला घेतलं. पावती मागितली तर त्याने लिहिलं, "जुना बिल्ला, १ नग."