दागिने चोरले, पण शेवट कोणाचा भारी?

टिळकवाडीत मित्राच्या माडीवर, बाहेर पावसाची झड लागलेली, तेव्हा दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले: 'द अस्फाल्ट जंगल' (1950) आणि कमी पैशात काढलेला फ्रेंच 'रिफिफी' (1955). दोन्हींत दागिन्यांवर डल्ला, दोन्हींत नायक गोळी लागलेल्या अवस्थेत गाडी हाकत शेवट गाठतो.

'अस्फाल्ट'मधला डिक्स केंटकीतल्या घरच्या कुरणापर्यंत पोचतो, कोसळतो आणि घोडे येऊन त्याला हुंगतात. सुंदर आहे, पण जरा बेतलेलं वाटतं. मित्र बेळगावचा, शेती विकून शहरात आलेल्या घरातला. त्याला मात्र तेच भिडलं. "आपली जमीन ती आपलीच की रे," म्हणाला. यावर काय बोलणार!

माझं मत 'रिफिफी'ला. टोनी मरत मरत पॅरिसमधून उघडी गाडी पळवतोय, आणि शेजारी काउबॉयच्या वेषातलं पोर खेळण्यातलं पिस्तूल नाचवत खिदळतंय. त्याला वाटतं, मज्जाच चाललीय! गाडी दारात थांबते. आई पोराला उचलते आणि पळत आत जाते. पैशांची बॅग तिथेच, मेलेल्या टोनीजवळ. तिच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही.