गिसोझी की न्यामाता? मुलांना घेऊन जाताय आणि एकच दिवस असेल तर

रवांडाला कॉलेजची पोरं न्यायची आणि १९९४ च्या संहाराच्या (हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सी समाजाचा केलेला) स्मारकांसाठी एकच दिवस काढता येतोय, तर गाडी शेवटी इथेच येऊन अडकते, राजधानी किगालीतलं गिसोझी का तासाभरावरचं न्यामाता. मुरांबीचं स्मारक मी आधीच बाजूला ठेवलं होतं, तिथे चुन्यात जतन केलेले देह आहेत, माझं तरी धाडस झालं नाही.

आमच्याकडे दोन दिवस होते, मी धरून बावीस जण. आधी गिसोझी. जागेला नाव ठेवायला जागा नाही. अडीच लाखांवर माणसं तिथे पुरलीयेत, आणि हे सगळं आलं कुठून तेही नीट उलगडतं, बेल्जियमच्या काळात ओळखपत्रावर हुतू-तुत्सी लिहायला लागले तिथपासून ते रेडिओवरून माणसं मारायला चिथावलं तिथपर्यंत. काही न वाचता आलेल्या पोरांसाठी (म्हणजे जवळजवळ सगळ्याच) हे लागतंच.

मला खुपले ते हेडफोन. सगळ्यांना ऑडिओ गाइड घ्यायचा निर्णय माझाच, त्यामुळे जागेचा काही दोष नाही. पण झालं काय, बावीस जण बावीस ठिकाणी. काही चाळीस मिनिटांत उरकून बागेत जाऊन बसले, मी डोकी मोजतोय तर एक कमी. वरच्या मजल्यावर लहान मुलांची खोली आहे, फोटो आणि त्याखाली आवडता खाऊ, आवडता खेळ, कसं मारलं, एवढंच. ती मुलगी तिथे पाऊण तास एकटी बसून होती, हेडफोन कानात, ऑडिओ कधीच संपलेला. आणि मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी न्यामाता. साधं विटांचं चर्च. १९९२ च्या कत्तलीत इथे आसरा घेतलेले वाचले होते, म्हणून १९९४ च्या एप्रिलमध्ये लोक परत इथेच आले, आणि दहा हजारांच्या आसपास मारले गेले. आम्ही गेलो तेव्हा बाकांवर त्यांचे कपडे होते, नुसते ढीग, सगळे मातीच्या एकाच रंगाचे झालेले. छपराच्या पत्र्याला त्या हल्ल्यात पडलेली भोकं आहेत, त्यातून उन्हाचे ठिपके पडतात. आत फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे.

इथे गाइडबाई बोलत होत्या, हळू आवाजात, आणि आम्ही सगळे एका जागी उभे. एकाने विचारलं, जगाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं का? त्या काही न बोलता आम्हाला बाहेर घेऊन गेल्या आणि अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन बाईंची कबर दाखवली. १९९२ मध्ये परदेशी रेडिओला इथल्या हत्यांबद्दल सांगितलं आणि लगेच त्यांना गोळी घातली गेली. हे बावीसच्या बावीस जणांनी एकत्र ऐकलं.

आता मान्य आहे, मागचं काही माहीत नसेल तर न्यामाता नुसता धक्का होऊ शकतो, तुमची पोरं वाचून येणारी नसतील तर गिसोझीच बरं, कदाचित. पण ओळखपत्रं, रेडिओ हे मी इथे पुण्यात दोन तासांत शिकवू शकतो, तो पत्रा कसा शिकवणार?

न्तारामाचं चर्च त्याच बाजूला आहे, छोटं, वेळ उरला तर तेही करा. फक्त महिन्याचा शेवटचा शनिवार टाळा, सकाळी उमुगांडा असतो, अख्खा देश श्रमदानाला उतरतो आणि अकरापर्यंत गाडी हलत नाही.