आबांसाठी ट्रेडमिल की रंकाळा?

शेजारचा पोरगा विचारत होता, "काका, आमच्या आबांना ट्रेडमिल घेऊ का, की कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी फिरायला नेऊ? सत्तरी उलटली, चालताना हळू झालेत."

खर्चाचं सांगायला नको. ट्रेडमिलला हजारो रुपये आणि वर देखभाल. रंकाळ्याला चांगले बूट पुरतात.

खरा प्रश्न मेंदूचा आहे. तरुणपणी चालणं आपोआप होतं. वय वाढलं की मेंदूचा पुढचा भाग, जो लक्ष देणं आणि ठरवणं सांभाळतो, तो चालण्यातही जास्त गुंततो. मग चालता चालता बोलायचं म्हटलं की पाय मंदावतात. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी नोंदवलं होतं, की बोलण्यासाठी थांबावं लागणारे वृद्ध पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. तुमचे आबा थांबतात का, ते आधी बघा.

ट्रेडमिलवर वेग पट्टा ठरवतो. वळण नाही, खड्डा नाही, समोरून कुणी येत नाही. दम वाढतो, पण वाट काढायचा सराव होत नाही. रंकाळ्याकाठी तो फुकट होतो: भेळेच्या गाड्यांची गर्दी, पळणारी पोरं, हाक मारणारा दोस्त. धोकाही तिथंच, विशेषतः पावसाळ्यात निसरड्या फरशीवर. पण पट्ट्यावरूनही माणूस पडतो, हे विक्रेता सांगत नाही.

तोल बरा असेल तर सकाळी गर्दी कमी असताना रंकाळा, सोबत कुणीतरी. पाऊस किंवा ऊन आड येत असेल आणि घरात लक्ष ठेवणारं असेल, तर दांडीची ट्रेडमिल, हळू वेगावर. अलीकडेच पडले असतील किंवा पाय घासत चालत असतील, तर दोन्ही थांबवा. आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट.