डी अँड डी 2024: थकव्याचा नियम सुधारला, चुरशीचं घोडं अडलंच

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळाच्या 2014 च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे नियमपुस्तकात, थकव्याच्या सहा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. पहिलीला कौशल्याच्या फेकीवर डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), दुसरीला वेग निम्मा, तिसरीला हल्ले आणि सेव्हवरही (संकटातून वाचण्याची फेक) डिसॲडव्हांटेज, चौथीला कमाल एचपी (पात्राचे प्राणगुण) निम्मे, पाचवीला वेग शून्य, सहावीला मरण. हा तक्ता ऐन खेळात आठवणार कुणाला? 2024 च्या आवृत्तीने तो मोडीत काढला. आता दर पायरीला डी20 च्या, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या, फेकीतून 2 वजा (लढाईतला क्रम ठरवणारं इनिशिएटिव्हही त्यातच आलं) आणि वेगातून 5 फूट वजा. सहावीला मरण कायम, लाँग रेस्टने (मोठ्या विश्रांतीने) एकच पायरी उतरते.

बदल वरवर दिसतो त्याहून चांगला आहे. जुन्या नियमात पहिलीच पायरी कंबरडं मोडायची: फाशावर किमान 11 हवे असतील तर यशाची शक्यता 50 टक्क्यांवरून थेट 25, आणि 16 हवे असतील तर 25 चे सव्वासहा. वर पळवाट होतीच. डिसॲडव्हांटेज कितीही साठलेले असोत, एक ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरायची सवलत) सगळे पुसून टाकतो. म्हणजे सोबत्याने ‘हेल्प’ करून ॲडव्हांटेज दिला की थकवा गायब. वजाबाकी अशी पुसली जात नाही.

खोट आहे ती जादूगारांच्या बाजूला. फायरबॉल या आगीच्या मंत्रासाठी फासा टाकतो समोरचा, त्यामुळे पाचव्या पायरीवरचा विझर्ड (जादूगार) पूर्ण ताकदीने आग ओकतो आणि शेजारचा फायटर (योद्धा) उणे 10 घेऊन तलवार फिरवतो. 2022 च्या चाचणी मसुद्यात स्पेल सेव्ह डीसीलाही (मंत्र चुकवायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) कात्री होती, अंतिम पुस्तकात ती नाही. ती परत आणा, पण दर पायरीला 1 च. डीसी उतरला की स्फोटाच्या टप्प्यातल्या प्रत्येक शत्रूला एकदम फायदा होतो, म्हणून 2 फार होतात.

दुसरी अडचण सक्तीच्या चालीची. आठ तासांपुढे चालत राहिलात तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दम) सेव्ह, चुकला की थकव्याची एक पायरी. डीसी 10 अधिक वरचे तास. सेव्हला +2 असलेला नवव्या तासाला 60 टक्के वेळा तरतो. तिथे चुकला की दहाव्याला 45, मग 30, मग 15, आणि चारही चुकले तर तेराव्या तासाला शून्य. चौदाव्याला मरणच. डीसी चढतो आणि बोनसही घसरतो, अशी दुहेरी मार बसते. या सेव्हपुरती थकव्याची वजाबाकी माफ करा. चढता डीसी पुरेसा आहे.

आता चुरशीच्या फेकी, म्हणजे दोघंही फासा टाकतात आणि मोठा आकडा जिंकतो. पूर्वी ग्रॅपलसाठी (शत्रूला पकडण्यासाठी) दोघंही फासा टाकत. आता पकडला जाणारा स्ट्रेंथ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह टाकतो, डीसी 8 अधिक पकडणाऱ्याचा स्ट्रेंथ मॉडिफायर (ताकदीचा बोनस) अधिक प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा बोनस). हे योग्यच झालं. दोन डी20 भिडले की नशिबाचा वाटा वाढतो: +5 जास्त असलेला 70 टक्के वेळा जिंकतो, 3.75 टक्के बरोबरी, बाकी हार. समोरच्याची फेक 10 धरली तर तोच 80 टक्के जिंकतो. शिवाय जुन्या नियमात बरोबरी झाली की परिस्थिती जैसे थे, म्हणजे एक ॲक्शन वाया.

पण पंजा लढवणं, रस्सीखेच, शर्यत? इथे दोन्ही बाजूंनी फासे पडले तरच मजा, आणि नव्या पुस्तकात त्यासाठी साचाच नाही. तीनपैकी दोन फेऱ्या घ्या आणि बरोबरी झाल्यास पुन्हा टाका. +5 वाल्याची एका फेरीतली संधी सुमारे 73 टक्के, पूर्ण लढतीतली सुमारे 82. हरलेली फेरी एकदाच, थकव्याची एक पायरी पत्करून, पुन्हा टाकू द्या. उणे 2 त्या फेकीपासूनच धरा. पुढच्या फेकीवर ढकललेत तर शेवटच्या फेरीत जो तो फुकटची दुसरी संधी मागेल.